खर्जाच्या चार जोड्या आणि बुवांची विश्रांती

बुवांना दम लागतो, ही गोष्ट आमच्या प्रार्थनागृहात शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यावर उपाय म्हणून मधूनमधून मी ल्यूट वाजवावं, ही कल्पना मात्र एकट्या माझी. बायकोचं म्हणणं असं की, अशा कल्पना तुम्हालाच सुचतात, कारण बाकीच्यांना कामं असतात.

बुवा गाऊन कथा सांगतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पद म्हणायचं, त्याचा अर्थ उलगडायचा, मग गोष्टीत शिरायचं आणि गोष्ट अगदी रंगात आली की पुन्हा गाण्यावर यायचं. गेली बावीस वर्षं मी तिसऱ्या बाकावर बसून हे ऐकतो आहे. देव आहे की नाही यावर कचेरीत वाद निघाला की मी गप्प बसतो. बुवांनी वरचा सूर लावला की तो आहे एवढं मला कळतं, आणि महिनाभर मला तेवढं पुरतं. पण बुवा आता एकोणऐंशी वर्षांचे झाले. श्वास कमी पडतो. कानांनी तर वरच्या सुरांशी बोलणंच टाकलं आहे. दाराची घंटा त्यांना ऐकू येत नाही, पण रस्त्याच्या टोकाला ट्रक वळला तरी ते मान वर करतात.

आमच्या समितीच्या नियमाप्रमाणे कथा एक तासाची हवी. मागच्या दोन महिन्यांत बुवा एकदा चाळीस मिनिटांवर थांबले आणि एकदा पस्तिसांवर. समितीने ठरवलं की, या खेपेला तास भरला नाही तर बुवांना मानपत्र द्यायचं आणि पहिल्या रविवारी पडद्यावर तयार प्रवचनं दाखवायची. समितीचे चिटणीस म्हणजे माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. माणूस सज्जन, पण घड्याळावर त्यांचा जितका विश्वास आहे तितका अजून कोणावर बसलेला मी पाहिलेला नाही. मानपत्राचा मसुदा त्यांनी लिहूनही ठेवला होता. अक्षर सुंदर होतं.

ही बातमी बुवांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ती दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा मी ती बारीक आवाजात सांगितली होती. मग ते म्हणाले, "मला मान नको रे. मला पहिला रविवार पाहिजे."

आता यावर माणूस काय करणार? मी समितीच्या बैठकीत उभा राहिलो आणि विचारलं की, मधे बुवांनी विश्रांती घेतली आणि तेवढा वेळ वाद्य वाजलं, तर ती मिनिटं धरणार का. मेहुण्यांनी नियमावली काढली. "कथेस अनुरूप असे वाद्यसंगीत कथेचाच भाग समजावे," असं त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मग अनुरूप म्हणजे काय ते स्वतःच सांगितलं: नाच नको, प्रेमगीत नको, तीन रचना हव्यात आणि प्रत्येकीचं नाव, अर्थ आणि लांबी फॉर्मवर लिहून हवी. मी हो म्हणालो. माझ्याकडे तेव्हा ल्यूट होतं आणि तीन आठवडे होते. एवढंच होतं.

ल्यूट ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखं पोट, आणि मान अशी मागे मोडलेली, जणू वाजवणाऱ्याकडे पाहायची त्याला इच्छाच नाही. चार-पाचशे वर्षांपूर्वी लोक ते घरोघर वाजवायचे. तारा जोडीजोडीने असतात. साध्या ल्यूटला सहा जोड्या असतात, माझ्याला दहा. वरच्या सहा नेहमीच्या आणि खाली खर्जाच्या चार जास्तीच्या. घेताना मला वाटलं होतं, जास्त तारा म्हणजे जास्त संगीत. प्रत्यक्षात जास्त तारा म्हणजे जास्त खुंट्या.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मीटरवाले काका राहतात. वीजमीटर वाचण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही आकडा दिसला की ते तो तपासतात. जिन्यात त्यांनी माझं ल्यूट अडवलं आणि तारा मोजल्या. एकोणीस भरल्या. दहा जोड्यांच्या वीस हव्यात, विसावी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की, सगळ्यात बारीक तार एकटीच असते, पद्धतच आहे तशी. काकांना ते पटलं नाही. कारागिराने मला फसवलं असं त्यांचं ठाम मत झालं, आणि पुढे तीन आठवडे रोज सकाळी ते "आली का विसावी?" असं विचारत राहिले. मी वजनमापं तपासायच्या कार्यालयात नोकरी करतो. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे ते मी ठरवतो. अशा माणसाला जिन्यात उभं करून कोणी मापात मारलं म्हणावं, हे दुःख सांगावं तरी कोणाला.

मग रचना शोधायला लागलो. शहराच्या ग्रंथालयात दहा जोड्यांच्या ल्यूटसाठीचा एक जाडजूड संग्रह मिळाला, तोही चटकन. मी आनंदाने घरी आणला. बायकोला भाषा येतात, तिने शब्दकोश घेतला आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही वर्गवारी करायला बसलो. एकशे चाळीस रचना होत्या. त्यातले एकशे बारा नाच निघाले, बहुतेक कुठल्या ना कुठल्या सरदाराच्या नावाचे. सत्तावीस प्रेमाचे विलाप. उरलेली एक लढाई होती.

"हा माणूस एका मेंढपाळणीसाठी सात कडव्यांत सात वेळा मरतो," बायको म्हणाली, "आणि पान उलटलं की नाचतो."

मी काळजीत पडलो. काकांनी सुचवलं की, नाव बदलून द्या, तुमच्या मेहुण्यांना कोणत्या सरदाराचा कोणता नाच ते काय कळणार. पण दिवसभर दुसऱ्यांची खोटी मापं जप्त करणारा माणूस रविवारी देवाच्या दारात खोटं लेबल लावून कसा जाणार? शिवाय त्यातला सगळ्यात संथ नाच मी सहज म्हणून वाजवून पाहिला, तर समोरच्या घरातल्या नर्सबाई दार उघडून मान डोलावायला लागल्या. त्यांचे पाय हलत होते. अनुरूपतेचा प्रश्न तिथेच संपला.

नर्सबाई हुशार आहेत. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला आधीच सुचायला हवी होती. बुवांना वरचे सूर ऐकू येत नसतील तर तुम्ही वर काहीही वाजवा, त्यांच्या दृष्टीने तुम्ही नुसती बोटं हलवता आहात. त्यांना सूर हवा असेल तर तो खालून द्या. विश्रांतीनंतर पुन्हा गाणं उचलायचं तर कोणत्या पट्टीत उचलायचं ते त्यांना कळायला नको का?

म्हणजे आता असं झालं: रचना भक्तीची हवी, ती खर्जाच्या चार जोड्यांवर वाजायला हवी, आणि ती माझ्या बोटांना जमायला हवी. शेवटच्या अटीबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. त्या शांततेचा मला जास्त राग येत होता.

भक्तीच्या रचना होत्या. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जपून ठेवलेल्या प्रतींच्या कपाटात, जुन्या प्रार्थनागीतांचा ल्यूटवर बसवलेला एक छोटा संग्रह होता. संथ, सोप्या, जणू माझ्यासारख्या माणसाचा विचार करूनच लिहिलेल्या. पण ती प्रत घरी न्यायची तर सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्मवर 'वाद्यातील जोड्यांची संख्या' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे दहा लिहिलं.

काउंटरवरच्या बाईंनी यादी पाहिली, फॉर्म पाहिला आणि दोन्ही बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. यादीत सहा जोड्यांचं ल्यूट लिहिलं होतं. प्रत तुमच्या वाद्याची नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी सांगितलं की, दहात सहा येतात. बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. लेखी आणा."

यावर मला रागवता येईना. मागच्याच महिन्यात एका भाजीवाल्याला मी याच स्वरात परत पाठवलं होतं. त्याच्या तराजूवर 'पंधरा किलोपर्यंत' लिहिलं होतं आणि अर्जात 'दहा'. पंधरात दहा येतात, असं तोही म्हणत होता.

दाखला आमच्याच कार्यालयातून मिळेल म्हणून मी गेलो. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याने, ज्याच्याबरोबर मी अकरा वर्षं डबा खातो, अनुसूची उघडून दाखवली की, वाद्यं आपल्या कक्षेत येत नाहीत. मग मी ल्यूट करणाऱ्या कारागिराकडे गेलो. म्हातारा माणूस, सरसाच्या वासात आणि लाकडाच्या भुशात बसलेला. त्याने काही न विचारता लिहून दिलं की, सदर वाद्यास दहा जोड्या असून त्यांत सहा जोड्यांचा समावेश आहे. खाली सही केली. मग माझ्याकडे पाहून विचारलं की, दुखणं नक्की काय आहे. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की, जुन्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या वाद्याला नव्या खर्जाच्या तारा आल्या, पण घरातली पुस्तकं जुनीच राहिली. मग ते खालचा सूर जिथे येई तिथे तो आणखी खाली, नव्या तारेवर घेत. पुस्तकात लिहिलेलं नसायचं. ज्याच्याकडे तार होती तो वाजवायचा.

मी हवेत तरंगत ग्रंथालयात परत आलो. बाईंनी दाखला वाचला, दोनदा वाचला आणि विचारलं की, दहातल्या सहा झाल्या, उरलेल्या चार जोड्यांचं काय. प्रत सहा जोड्यांसाठी आहे. ती दुसऱ्या कशावर वापरली तर प्रतीचा गैरवापर होतो. यावर त्यांनीच वाट काढली. मला हमीपत्र लिहायला लावलं: "सदर प्रत वापरताना उर्वरित चार जोड्यांना मी हात लावणार नाही." मी सही केली. प्रत हातात आली. दाराबाहेर पायऱ्यांवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की, बुवांना ज्या चार जोड्या ऐकू येतात नेमक्या त्याच न वाजवण्याची लेखी हमी मी आत्ता देऊन आलो आहे.

घरी आलो. जेवलो थोडंच. काकांना बातमी कळली तेव्हा ते म्हणाले की, विसाव्या तारेबद्दल हमीपत्रात काही नाही, त्यातून बघा. नर्सबाई म्हणाल्या की, ग्रंथालयातली बाई रविवारी तुमच्या मागे उभी राहणार आहे का. राहणार नव्हती, पण सही माझी होती. रविवार चार दिवसांवर आला होता.

बायकोने माझ्यापुढचं ताट उचललं, टेबल पुसलं, हमीपत्राची नक्कल वाचली आणि म्हणाली, "प्रत वापरताना, असं लिहिलंय. प्रत मी वापरते. मला कुठे तारा आहेत?"

आणि ती नकलायला बसली. ल्यूटचं लिखाण म्हणजे सहा रेघा आणि त्यांवर अक्षरं, कोणत्या जोडीवर कुठे बोट ठेवायचं ते सांगणारी. तिने पट्टीने रेघा मारल्या, तीन रचना उतरवून घेतल्या, प्रत गुंडाळून पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मुदतीच्या दहा दिवस आधी परत करून आली. मग मी तिच्या अक्षरातल्या कागदावर, कोणाच्याही प्रतीचा गैरवापर न करता, खालचे सूर एकेक करून खर्जाच्या जोड्यांवर उतरवले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आम्ही दोघांनी मिळून केलेला हा पहिला कायदेशीर अपराध. तीन रचनांचा फॉर्म मी मेहुण्यांना नेऊन दिला. प्रत्येकी चार मिनिटं. त्यांनी अर्थ वाचले आणि एकही हरकत काढली नाही. त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

शुक्रवारी संध्याकाळी बुवा आमच्या स्वयंपाकघरात आले. नर्सबाईंनी त्यांना टेबलावर तळहात ठेवायला सांगितला आणि मी ल्यूटची कड टेबलाला टेकवून पहिली रचना वाजवली. वरच्या सुरांना बुवांचा चेहरा रिकामा होता. मग मी आठवी जोडी छेडली आणि त्यांनी डोळे मिटले. शेवटी म्हणाले की, पोटात ऐकू येतंय. मी आजवर ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांत पोटाची तक्रार करणारे काही होते, पण ही पहिली शाबासकी.

रविवारी प्रार्थनागृह भरलं होतं. बुवा लाकडी चौथऱ्यावर खुर्चीपाशी उभे राहिले, मी शेजारी स्टुलावर. पहिल्या बाकावर मेहुणे घड्याळ घेऊन बसले होते आणि त्यांच्या मांडीवर फाईल होती, त्यात मानपत्र.

बुवांनी त्या दिवशी एका पहारेकऱ्याची गोष्ट लावली होती. देवाच्या घराच्या दाराशी जन्मभर जागा राहिलेला म्हातारा. पद झालं, अर्थ झाला, बुवा बसले. मी पहिली रचना वाजवली, बुवा उठले आणि नेमक्या पट्टीत गाणं उचललं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या विश्रांतीत माझा एक कागद खाली पडला आणि पायाने धरून ठेवावा लागला, पण तीही पार पडली. सदतीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात गोष्ट अशा जागी आली की, म्हातारा पहारेकरी थकतो, पायरीवर बसतो आणि आत बघून म्हणतो, आता जरा तूच लक्ष ठेव. बुवा हे म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी तिसरी रचना सुरू केली.

ती संपली. बुवा उठले नाहीत.

हनुवटी छातीवर टेकलेली होती. मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या चौथ्या बाकावरून बुवांच्या छातीकडे बघत होत्या, एक बोट वर धरून. मग त्यांनी मान हलवली आणि दोन्ही तळहात गालाखाली ठेवून दाखवले. बुवांना झोप लागली होती. आणि तेवढ्यात, मला एकट्याला ऐकू येईल इतकं बारीक, बुवा घोरले.

मी पुन्हा वाजवायला लागलो. दुसरं काय करणार? तिसरी झाली, दुसरी झाली, पहिली झाली. लोकांना वाटलं, बुवा पहारेकरी करून दाखवताहेत. एक बाई डोळे पुसत होत्या. मेहुण्यांनी इतका खरा अभिनय आजवर पाहिलेला नव्हता, ते घड्याळाकडे बघायचंही विसरले आणि मग चटकन पाहिलं. मीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्रेपन्न मिनिटं. आणखी सात मिनिटं मी रेटलं असतं तर तास भरला असता, पहिला रविवार बुवांचा झाला असता आणि कोणाला काही कळलं नसतं.

बोटं ठणकत होती, वरच्या तारा सोडून मी नुसत्या खालच्या चार जोड्या एकामागून एक छेडत होतो. आणि मला वाटायला लागलं की, हे मापात मारणं आहे. बुवांनी मागितला होता तो रविवार कथेचा होता. घोरण्याने भरलेला तास त्यांच्या हातात ठेवून मी त्यांना काय सांगणार होतो? पण उठवलं आणि त्यांच्याने पुढे झालं नाही, तर मानपत्र दोन हातांवर होतं.

मी तारांवर तळहात ठेवला. वाजणं थांबलं. इतकी शांतता झाली की मागच्या बाकावर कोणाचा तरी छत्रीचा दांडा सरकला तोही ऐकू आला.

पाळणा हलवायचा थांबला की मूल जागं होतं, तसे बुवा जागे झाले. डोळे उघडले, समोर माणसं दिसली, खाली चौथरा दिसला. उठले. आणि पहारेकरी जागा झाला तेव्हा दार तसंच बंद होतं आणि दारात त्याच्या जागी उभ्या असलेल्याचे खांदे दवाने भिजलेले होते, हे पद त्यांनी असं उचललं की मी पाच वर्षांत त्यांचा तो सूर ऐकला नव्हता. पाव तासाची झोप छातीत भरलेली होती. तास झाला, बुवा थांबले नाहीत. सव्वा तास झाला. एक तास बावीस मिनिटांनी मेहुणे उभे राहिले, पण त्यांना थांबवायला नव्हे. सगळेच उभे राहिले होते.

नंतर मेहुण्यांनी मला बाजूला घेतलं. मानपत्र त्यांनी दोनदा घडी घालून खिशात ठेवलं होतं, पण घडी अक्षरांवर येणार नाही एवढा अक्षराचा मान राखला होता. मग फॉर्म काढला आणि म्हणाले, "भाऊजी, तिसरी रचना चार मिनिटांची लिहिलीय, ती सोळा मिनिटं चालली. कारण लिहून द्या." मी लिहून दिलं: कथेस अनुरूप.

बुवा दाराशी खुर्चीवर बसून पाणी पीत होते. मी वाकून नमस्कार केला आणि, आता लपवायचं काय, झालं ते सगळं त्यांच्या कानाशी खालच्या आवाजात सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

"पन्नास वर्षं सांगतोय मी," बुवा म्हणाले. "पन्नास वर्षं समोर कोणी ना कोणी झोपलेलं असतं. मनातून राग यायचा रे मला. आज कळलं, किती निवांत झोपत होते ते."